पट्टीचे सहा तास

रविवार, ४ मार्च

खारूच्या आईस,

'प्रिय' लिहायचं नाही, असं समुपदेशक बाईंनी बजावलंय. वहीत मुलीबद्दल लिहा, एकमेकांबद्दल नको, टोमणे तर मुळीच नकोत. म्हणून हा सरकारी मायना. तू आखलेले रकानेही त्याला शोभतील असेच आहेत: तारीख, झोप, जेवण, अभ्यास, पट्टी किती तास. पाणीखात्यात बसून नळांचे नकाशे काढणाऱ्या बाईनं ही वही आखलीय हे कुणालाही न सांगता कळेल. एक रेघ इकडची तिकडे नाही.

मागच्या पानावर तू लाल पेननं लिहिलंयस, 'आदेश पुन्हा एकदा वाच.' वाचला. एक आठवडा तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दर रविवारी पाच वाजता वाचनालयाच्या दारात अदलाबदल. शाळा आणि औषधोपचाराच्या मोठ्या निर्णयांवर दोघांच्या सह्या. आणि जुलैमध्ये न्यायाधीश ही वही मागवून बघणार, कोण कसं निभावतंय ते. सगळं पाठ आहे. मागच्या वेळी दहा मिनिटं उशीर झाला तो तिचा एक मोजा सापडला नाही म्हणून. खारूला तुझ्याकडे यायचं नव्हतं, असा अर्थ मी त्यातून काढलेला नाही, तूही काढू नकोस.

पट्टीचंही समजलं. डावा डोळा आळशी आहे, म्हणून चांगल्या उजव्यावर रोज सहा तास पट्टी चिकटवायची, म्हणजे डाव्याला झक मारत काम करावं लागेल. आठव्या वर्षाच्या आत तो डोळा कामाला लागला तर लागला, नंतर नाही. खारूला साडेसहा पूर्ण झालीत. हे सगळं तू मला दोन पानं भरून समजावलंयस. मी अठरा वर्षं चष्म्याच्या काचा घासतोय. असो, टोमणे नकोत.

आठवड्याची नोंद रकान्यांत आहे. पट्टी शाळेतून आल्यावर एक ते सात, रोज सहा तास. तुझ्याकडे ती पट्टीला रडते म्हणतेस. माझ्याकडे नाही रडली.

पेन्सिलींचे सात तुकडे तिच्या कोटाच्या खिशात आहेत, फेकू नकोस. सगळे लागतात म्हणते.

खारूचा बाबा


रविवार, १५ एप्रिल

खारूच्या आईस,

तुझं पान दोनदा वाचलं. 'तुझ्याकडे ती पट्टी शांतपणे कशी लावून घेते ते सांग, मलाही तसं करून बघता येईल.' तू मला काही विचारावंस, याला किती वर्षं झाली असतील? आपण एका घरात होतो तेव्हासुद्धा तू मला फक्त गॅस बंद केलास का एवढंच विचारायचीस.

काय सांगू? पट्टीवर चित्रं काढ. मी एकीवर मासा काढला होता, एकीवर चाक. पट्टी लावल्यावर तिला काम दे. मणी ओवणं, बटणं लावणं. आणि तिच्यापुढे रडकं तोंड करू नकोस. मुलं आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात, आता रडायचं की नाही ते. हे सगळं मी दुकानात मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांना सांगतो. ते मान डोलावतात, घरी जाऊन काय करतात देव जाणे.

आज वाचनालयाच्या पायऱ्यांवर तुला वाईट वाटलं ते मला दिसलं. खारू माझा हात सोडत नव्हती. जानेवारीत ती तुझ्या कोटाला अशीच चिकटली होती आणि मी पिशवी धरून खुळ्यासारखा उभा होतो. तेव्हा तू म्हणालीस, 'होईल सवय.' आज मीही तेच म्हणणार होतो, पण तुझा चेहरा बघून पिशवी तेवढी तुझ्या हातात दिली. मला बरं वाटलं हे मात्र नाकारत नाही. समुपदेशक बाईही म्हणाल्या, मुलगी बाबांकडे रुळली हो.

पट्टी सहा तास, रोज. गालावरची लाली बघितलीच असशील. गोंदाची ॲलर्जी नाही, थोडं खोबरेल लाव.

खारूचा बाबा


बुधवार, ६ जून

हे वहीत लिहीत नाही, टपालानं पाठवतोय. खारू शाळेत आहे. मी दुकानात मागच्या खोलीत, घासायच्या यंत्राशेजारी बसलोय. कागदावर पांढरे डाग आहेत ते काचेच्या भुकटीचे.

काल डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तू सही केलीस आणि कागद माझ्याकडे सरकवलास. मी पेन घेतलं नाही. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, 'मी केली म्हणूनच तू करणार नाहीस.' तसं नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे भूल आली. साडेसहा वर्षांच्या पोरीला भूल द्यायची आणि डोळ्याचे स्नायू कापून परत शिवायचे, तेही कशासाठी, तर डोळा दिसायला सरळ दिसावा म्हणून. बाई काय म्हणाल्या ते तूही ऐकलंस. 'डाव्या डोळ्याची नजर पट्टीनं परत येईल ही आशा आता सोडा. दोन्ही घरांत सहा-सहा तास, पाच महिने, आणि तक्त्यावरची एक ओळसुद्धा पुढे सरकलेली नाही. म्हणजे मेंदू तो डोळा स्वीकारत नाहीये. मग मुलीला पट्टीचा छळ कशाला? पट्टी बंद करू, आणि तिरळेपणा तेवढा काढून टाकू.' असं म्हणून त्यांनी आपल्या दोघांची वही मिटली आणि तुझं कौतुक केलं. माझंही केलं. म्हणाल्या, वेगळ्या झालेल्या आईबापांनी इतकी नीट नोंद ठेवलेली मी बघितली नव्हती.

नंतर त्यांनी खारूला विचारलं, 'दोन्ही घरी लावतेस ना गं पट्टी?' ती माझ्याकडे बघून हो म्हणाली. तुझ्याही लक्षात आलं का, की आधी माझ्याकडे बघितलं?

मला दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवंय. घाई नको. पट्टी एवढ्यात बंद करू नकोस, हात जोडून सांगतो.

खारूचा बाबा


रविवार, १० जून

खारूच्या आईस,

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. मी सही नाकारतोय आणि कारणही धड देत नाही, म्हणून औषधोपचाराचा निर्णय एकट्या आईकडे द्यावा, असा अर्ज तू जुलैत करणार. कर. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं.

या आठवड्यात बुधवारपासून पट्टीचा रकाना नीट बघ. बुधवारी दोन तास, गुरुवारी तीन, शुक्रवारी साडेचार, काल सहा, आज जेवणानंतर पाचपर्यंत. रडली. पहिल्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसली आणि म्हणाली, 'बाबा, पण हे तर तुझं घर आहे ना?' तिच्या समजुतीप्रमाणे काहीतरी घोटाळा झाला होता. जिन्यात दोनदा ठेचकाळली, एका डोळ्यानं तिला पायरी कळत नाही. शुक्रवारी दूध ओतताना कपाबाहेर ओतलं आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मला तिथं उभं राहवेना.

मला थोडा वेळ दे. एवढंच.

खारूचा बाबा


शुक्रवार, १५ जून

आता मायना नको.

हे पत्र तू तुझ्या वकिलांना दाखव, समुपदेशक बाईंना दाखव, जुलैत न्यायाधीशांपुढे ठेव. त्यासाठीच सुवाच्य अक्षरात लिहितोय आणि खाली पूर्ण सही करणार आहे. आधी डॉक्टरीणबाईंना दाखव, आणि आजच.

मी पट्टी लावलीच नाही. जानेवारीपासून ५ जूनच्या मंगळवारपर्यंत माझ्या घरात खारूच्या डोळ्यावर पट्टी म्हणावी अशी लागलेली नाही. रकान्यांतले माझे सगळे सहा तास खोटे आहेत.

पहिल्या आठवड्यात लावली होती. ती दोन तास रडली. मग खाली खेळायला गेली तर जिन्यातल्या पोरींनी तिला एकडोळी म्हटलं. वर येऊन तिनं विचारलं, 'मी आईकडे कधी जायचं?' त्याच दिवशी टपालानं समुपदेशक बाईंच्या अहवालाची प्रत आली होती. त्यात एक ओळ होती: 'कुणाकडे राहायला आवडतं, या प्रश्नाला मुलीनं लगेच आईकडे असं उत्तर दिलं.' लगेच हा शब्द मला फार लागला. मी तिच्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि म्हणालो, 'बाबाच्या घरी पट्टीला सुट्टी. पण हे आपलं गुपित हं.' ती टाळ्या पिटायला लागली. मला वाटलं, एवढ्यानं जर पोरगी माझी होणार असेल तर आठवड्यानं काय बिघडतंय. पुढचा आठवडा आहेच की तुझा.

पुढच्या वेळीही तेच म्हटलं. मग कानाला खडा लावायचं दर वेळी पुढच्या आठवड्यावर ढकलायचो, असं चाललं.

तू हुशार आहेस हे मला ठाऊक होतं. पट्ट्यांच्या पाकिटात किती उरल्यात ते तू बघणार. म्हणून रोज एक पट्टी काढून मी कचऱ्यात टाकायचो. गालावर लाली नसेल तर तुला कळणार. म्हणून दर रविवारी चार वाजता मी पट्टी चिकटवायचो, कडा अंगठ्यानं दाबून बसवायचो, आणि पाच वाजता वाचनालयाच्या पायऱ्या चढता चढता ओढून काढायचो. तू गालाला हात लावून बघायचीस. एप्रिलमध्ये मी तुला खोबरेल लावायला सांगितलं, आठवतंय? 

आणि तू मला विचारत होतीस, तुझ्याकडे ती शांत कशी राहते. मी तुला मण्यांचे आणि माशांचे सल्ले दिले. याहून मोठा नालायकपणा माझ्या हातून कधी झालेला नाही. मला वाटतं होणारही नाही, कारण त्यासाठी लागेल एवढं आता माझ्याजवळ काही उरणार नाही.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. एखादा अडाणी बाप म्हणेल. मी रोज दुकानात लोकांना सांगतो, मुलांच्या डोळ्यांच्या बाबतीत चालढकल करू नका, गेलेले महिने परत येत नाहीत. खारूला सुट्टी देऊन सकाळी दुकान उघडायचं आणि दुपारी हे वाक्य कुणाला तरी ऐकवायचं, असे पाच महिने काढले. मला वाटायचं, सुधारणा निम्मी होईल, पाव तरी होईल, मग जुलै उलटला की मी मनापासून सुरू करीन. निम्मीच पट्टी लागलीय हे डॉक्टरांना ठाऊक नाही आणि त्या पूर्ण लागली असं समजून हिशेब करतायत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वही न्यायाधीशांसाठी आहे असं मी धरून चाललो होतो. ती डॉक्टरही वाचतात, आणि त्यावरून पोरीच्या डोळ्याची आशा सोडतात, हे मला त्या मंगळवारी त्या खोलीत कळलं. मी उठून तिथंच सांगायला हवं होतं. पेन घेतलं नाही, एवढीच माझी हिंमत.

रविवारी तुझ्याकडे पोचवायच्या आधी वाचनालयाच्या कोपऱ्यावर तिनं मला थांबवलं. म्हणाली, 'बाबा, मी डॉक्टरबाईंना पण नाही सांगितलं. बरोबर केलं ना?' शाबासकीसाठी तोंड वर करून उभी होती.  मी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, मलाच माहीत नाही. तिनं हो असाच अर्थ घेतला असणार.

म्हणून हे लिहिलं. शस्त्रक्रिया थांबव. पट्टी चालू ठेव. डॉक्टरीणबाईंना सांग, पाच महिन्यांतले निम्मे दिवस वजा करून परत विचार करा. माझे आठवडे जातील हे मला माहीत आहे. माझ्या वकिलांनी तर सरळच सांगितलं, 'असलं काही लिहून देऊ नका, मुलगी हातची जाईल.' मी त्यांना म्हटलं, नाहीतर डोळा जाईल. ते म्हणाले, एक डोळा आहे ना चांगला.

मी त्यांना सोडलंय.

एकच विनंती. खारूला खोटारडी म्हणू नकोस. ते मी शिकवलं.

खाली सही करतोय.


शनिवार, ८ सप्टेंबर

खारूच्या आईस,

तू या वहीची नवी पानं आखून देखरेखवाल्या बाईंच्या हाती पाठवलीस. आता रकाने तीनच आहेत: तारीख, वेळ, पट्टी. मला वाटलं होतं, तू वही फाडून टाकली असशील.

आदेशाची प्रत मिळाली. निर्णय सगळे तुझे, शाळेचे आणि औषधांचेही. मला एक शनिवार सोडून दोन तास, देखरेखीखाली.  सुनावणीनंतर दारात तू एकच वाक्य बोललीस, 'तिचं रडणं मी एकटीनं ऐकलं.' बाकी काही बोलली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. 

डॉक्टरीणबाईंचा निरोप मिळाला. ऑगस्टच्या तपासणीत एक ओळ पुढे सरकली. एकच. पूर्ण नजर बहुधा यायची नाही, गेलेले महिने गेले, पण आणखी एखाद-दोन ओळी मिळतील, असं म्हणतात. हे तू मला कळवायला बांधील नव्हतीस. कळवलंस.

आज आमची तिसरी भेट. भेटीची खोली तू बघितली नसशील. पोपटी भिंती, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका खोक्यात तुकडे हरवलेली कोडी. देखरेखवाल्या बाई दाराशी बसून विणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, मुलीला हाक मारायची नाही, तिला आपणहून येऊ द्या. पहिल्या भेटीत खारू पट्टी लावून दारात आली आणि सरळ दुसऱ्या माणसाकडे गेली. तोही आपल्या मुलाची वाट बघत उभा होता, त्याचाही शर्ट तपकिरी होता. डाव्या डोळ्याला एवढंच दिसतं. अगदी जवळ गेल्यावर ती थांबली, मागे वळली आणि हवेत हात पुढे करून माझ्याकडे आली. माझ्या बोटांचा वास घेऊन म्हणाली, 'तू होय.' भुकटीचा वास धुऊन जात नाही ते बरंच.

आज ती बसल्या बसल्या म्हणाली, 'मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तूच सांगितलंस.' रागावलेली नव्हती. नीट समजून घ्यायचं होतं तिला. म्हणाली, 'तू सांगितलंस म्हणून तुझं घर गेलं ना?' मी म्हटलं, नाही, खोटं बोललो म्हणून गेलं. ती म्हणाली, 'पण आपण खोटं बोलत होतो तेव्हा तर होतं.'

याचं काय उत्तर द्यायचं ते तू तिला सांग. मी प्रयत्न केला, पण मला जमलं नाही. तुझ्या तोंडून तिला पटेल.

वेळ संपायला दहा मिनिटं असताना देखरेखवाल्या बाई पाणी प्यायला बाहेर गेल्या. खारूनं दाराकडे बघितलं, माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, 'बाबा, पटकन काढू? एकदाच. तुला बघते आणि परत लावते. मी सांगणार नाही.' तिनं पट्टीची एक कड नखानं उचललीसुद्धा होती. जूनपासून तिनं मला पट्टीशिवाय बघितलेलं नाही.  माझ्या दाढीत पांढरे आलेत, ते तिला माहीत नाही.

मी ती कड अंगठ्यानं दाबून परत चिकटवली. ती रडली. बाई आत आल्या तेव्हा रडतच होती, आणि त्यांनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. बापाला भेटल्यावर मुलगी रडते, असंच लिहिलं असणार. लिहू देत.

रकान्यात दोन तास लिहिलेत. खरे आहेत.

खारूचा बाबा